रायपुरास गेलात तर पायी हिंडा

मराठी माणूस रायपुरास येतो तो बहुधा लग्नकार्यासाठी, नाहीतर बदलीच्या हुकमाने. केवळ रायपूर पाहावे एवढाच हेतू मनात धरून नागपूरच्या स्थानकावर गाडीत बसलेला गृहस्थ मला तरी आजवर भेटलेला नाही. कार्य आटोपले, मांडव सुटला, आणि परतीच्या गाडीस अजून दोन दिवसांचा अवकाश आहे असे ध्यानात आले, की पाहुणा जरा संकोचानेच विचारतो, "इथं बघण्यासारखं काय आहे हो?" यजमानही तितक्याच संकोचाने मोटार काढतात, आणि त्यास नव्या राजधानीचे रुंद व रिकामे रस्ते, तेलीबांधा तलावाचा, सांप्रत मरीन ड्राइव्ह या नावाने मिरवणारा काठ, आणि एखादे चकचकीत मॉल दाखवून रात्रीच्या जेवणास घरी परत आणतात. पाहुण्याची अशी समजूत होते की या गावास वयच नाही. ही समजूत दूर व्हावी, आणि ती मोटारीच्या खिडकीतून नव्हे तर पायांच्या जोरावर दूर व्हावी, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच आहे. बरीच वर्षे या गावच्या गल्ल्यांतून हिंडल्यावर जे मार्ग पायांच्या अंगवळणी पडले, तेच येथे सांगत आहे.

आधी व्यवहाराच्या चार गोष्टी. नागपूरहून रेल्वेने रायपूर सुमारे ३०० किलोमीटर. सकाळी निघालेला माणूस दुपारच्या चहाला पोहोचतो. ऋतू निवडण्याची मुभा असेल तर कार्तिक ते माघ एवढाच काळ पायी हिंडण्यास योग्य समजावा, कारण वैशाखात येथील पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि त्या उन्हात दुपारी बाहेर पडणे हे धाडस नसून अविचार आहे. पावसाळ्यात तळी तुडुंब भरतात, ते दृश्य खरोखर देखणे असते, पण जुन्या वस्तीतल्या गल्ल्याही त्याच सुमारास भरतात. पायांत सहज काढता-घालता येतील अशा चपला असाव्यात, कारण वाटेत देवळे पुष्कळ आहेत आणि बुटांच्या नाड्या सोडण्या-बांधण्यात अर्धी सकाळ जाते. उतरावयाचे ते शक्यतो स्थानकाजवळ किंवा जयस्तंभ चौकाच्या आसपास. तेथून पुढे जे काही पाहावयाचे आहे ते एका दमात चालण्याजोग्या टापूत आहे. आणि घराबाहेर पडावयाचे ते सकाळी सातच्या आत. का, ते पुढे येईलच.

आरंभ सदर बाजारापासून करावा, आणि तोही नावापासून. ‘सदर’ हा शब्द कानावर पडताच मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे गडावरची सदर उभी राहते, वाड्याची सदर उभी राहते, जेथे कारभारी बैठक घालून कागद वाचीत आणि निवाडे होत. सरकारी कागदातले ‘सदरहू’ आणि ‘सदर मुक्काम’ हे त्याच कुळातले. मूळ अरबी शब्दाचा अर्थ छाती, अग्रभाग, मुख्य स्थान असा आहे. त्यावरून इंग्रजी अमलात जिल्ह्याच्या किंवा छावणीच्या मुख्य बाजारास सदर बाजार म्हणण्याची वहिवाट हिंदुस्थानभर पडली, आणि नागपूरचे सदर हेही त्याच घरचे. रायपूरच्या या सदरेवर मात्र गादी आहे ती सराफाची, आणि कागद आहे तो सोन्याच्या भावाचा.

या गावाचा इतिहास थोडक्यात सांगावयाचा तर इ. स. १४०२ च्या, राय ब्रह्मदेवाच्या काळच्या शिलालेखापासून सुरुवात करावी लागेल. त्यानंतर १४६० मध्ये भुवनेश्वरसिंह राजाने किल्ला बांधला, जो दोन तलावांच्या मध्ये होता आणि ज्याचा आता नावाखेरीज काही शोध लागत नाही. जुने गाव आजच्या गावाच्या दक्षिणेस आणि पश्चिमेस, खारून नदीवरील महादेवघाटापर्यंत पसरलेले होते. १८१८ मध्ये, नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्यांच्या पाडावानंतर इंग्रज रेसिडेंटाच्या देखरेखीखाली कारभार गेला तेव्हा, छत्तीसगडचे मुख्य ठाणे रतनपुराहून उठून रायपुरास आले, आणि त्याच सुमारास कर्नल ॲग्न्यू याने जुन्या वस्तीच्या पूर्वेस एक लांब सरळ रस्ता आखून नवे गाव वसविले. १८७० च्या गॅझेटिअरात या हमरस्त्याचे वर्णन आहे: सुमारे दोन मैल लांबी, दुतर्फा चांगली घरे, कोरीव लाकडी खांब आणि सज्जे. ते वर्णन मनात ठेवून सदर बाजारात शिरावे.

आणि म्हणूनच सकाळी सातच्या आत. दुकाने उघडली, की तुमची दृष्टी आपोआप पाट्यांवर, काचेच्या कपाटांवर आणि अंगावर येणाऱ्या स्कूटरींवर खिळते. दुकाने बंद असली म्हणजे मान वर करता येते. मान वर केली की तळमजल्यावरील लोखंडी शटरांच्या डोक्यावर, विजेच्या तारांच्या जंजाळाआड, एखाद्या घराचा जुना लाकडी सज्जा, त्याचे कातीव गज, मधूनच एखादा कमानदार दरवाजा आणि कधीकाळी हिरवी असावी अशी झिलमिली दिसू लागते. फार उरलेले नाहीत, दर वर्षी एकदोन कमीच होतात. जे आहेत ते मोजीत जाण्याचा छंद मला आहे, आणि पाहुण्यासही तो लावून घ्यावयास हरकत नाही. याच बाजारात ऋषभदेवाचे जैन मंदिर आहे. मारवाड-बिकानेरकडून आलेल्या व्यापारी कुळांनी या पेठेस जे वळण दिले ते तेथे गेल्यावर कळते. सकाळच्या पूजेची वेळ असेल तर चामड्याचा पट्टा-पाकीट बाहेर ठेवून आत जावे आणि शांत बसावे. झाडूवाले, दूधवाले आणि पूजेस निघालेल्या वृद्ध स्त्रिया यांखेरीज या वेळी रस्त्यावर कोणी नसते.

दुकाने अकराच्या सुमारास उघडतात. तेव्हा परत एकदा, या खेपेस खरेदीदार म्हणून, यावे. सोन्याकडे पाहू नका. सोने पुण्यातही तेच आहे. चांदीचे जुन्या वळणाचे दागिने ठेवणारा एखादा दुकानदार शोधून त्यास छत्तीसगडी अलंकार दाखवावयास सांगावे. तो ‘पुतरी’ काढील आणि तुमच्या तोंडून आपसूक ‘पुतळी’ निघून जाईल, कारण ती आपल्या पुतळ्यांच्या माळेची सख्खी बहीण आहे. नाण्यांची ‘रुपियामाला’ काढील. गळ्यात बसणारा घट्ट, भरीव ‘सुता’ काढील. मनगटातली पिळाची ‘ऐंठी’, दंडातली ‘नागमोरी’, कमरेचे ‘करधन’ आणि पायांतली ‘पैरी’ दाखवील. ऐंठी हातात घेऊन तिचे वजन एकदा पाहावे. शेतावर रोवणी करणाऱ्या बायकांनी हे दागिने रोजच्या वापरात घातले आहेत, ही गोष्ट त्या वजनानेच नीट समजते. भाव करावा, पण जपून. सराफाच्या गादीवर बसून घाईने भाव करणारा माणूस गिऱ्हाईक समजला जात नाही. चहा आला तर घ्यावा. काहीच घ्यावयाचे नसेल तर तसे आधीच सांगावे. सांगूनही दाखवणारे दुकानदार आहेत, आणि त्यांना आपल्या मालाची हकीकत सांगण्यात विक्रीइतकाच आनंद वाटतो असा माझा अनुभव आहे.

येथे थोडे विषयांतर क्षम्य मानावे. माझा एक भाचा युरोपात नोकरीस असतो. त्याने मध्यंतरी कोपनहेगनहून फोन करून स्ट्रॉयट नामक रस्त्याची तारीफ इतकी केली की रायपूर सोडून तिकडेच हिंडावयास जावे असे वाटू लागले. नगरभवनाच्या चौकापासून राजाच्या नव्या चौकापर्यंत जेमतेम सव्वा किलोमीटरची ती अरुंद बाजारपेठ, आणि त्यात मोटारीस मज्जाव. नोव्हेंबर १९६२ मध्ये हा मज्जाव प्रथम झाला तेव्हा तेथील दुकानदारांनी धंदा बसेल म्हणून आरडाओरड केली होती. पुढे धंदा वाढला, लोक रस्त्यात रेंगाळू लागले, आणि यान गेल या वास्तुशास्त्रज्ञाने माणसे कोठे चालतात, कोठे थांबतात, कोठे बसतात हे वर्षानुवर्षे मोजून नगररचनेस एक नवी दृष्टी दिली. भाच्याचे म्हणणे होते की असे रस्ते आपल्याकडे नाहीत. मी त्यास म्हटले, रस्ते आहेत, मज्जाव नाही. सदर बाजाराची रुंदी, त्याची लांबी, दोन्ही बाजूंची दुकाने आणि त्यांवरील घरे ही सारी पायी माणसाच्या आणि बैलगाडीच्या बेताने आखलेली; त्यात आपण चारचाकी घातली आणि मग बाजार अरुंद आहे असा बाजारावरच ठपका ठेवला. संध्याकाळी सहाच्या पुढे, विशेषतः धनत्रयोदशीच्या आणि पुष्यनक्षत्राच्या दिवशी, येथे पायी जाऊ नये. पदपथ नावापुरतादेखील नाही, आणि ई-रिक्षावाल्याच्या हिशेबी पायी चालणारा माणूस हा रस्त्याचा भाग नसतो. चालताना समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने चालावे आणि काही पाहण्यास थांबावयाचे झाले तर दुकानाच्या पायरीवर चढून थांबावे.

सदर बाजाराच्या उत्तर टोकास कोतवाली चौक. तेथून मालवीय रोडने जयस्तंभाकडे जाताना डाव्या हातास गोल बाजाराच्या गल्ल्या लागतात, आणि त्यांत शिरल्यावर दिशा विसरावी. गोल बाजारात वाट चुकणे हाच गोल बाजार पाहण्याचा एकमेव मार्ग आहे. बारशाचे सामान, लग्नाची बाशिंगे, काष्ठौषधी, सूप-टोपल्या, देवाची वस्त्रे, अंत्यविधीचे साहित्य, हे सर्व एकाच घेऱ्यात मिळते, आणि म्हणून जन्मापासून मरणापर्यंत एका माणसास लागणारे सर्व काही येथे आहे असे गावकरी अभिमानाने सांगतात. जडीबुटी विकणाऱ्या बायांपाशी थोडा वेळ उभे राहावे. "का खोजत हस?" म्हणून एखादी विचारील, "असंच बघतोय" हे मराठीतच सांगितले तरी तिला कळते, आणि ती मग मोकळेपणाने एकेका मुळीचे नाव सांगू लागते. जयस्तंभ चौकाविषयी एवढेच, की सोनाखानचे जमीनदार वीर नारायणसिंह, ज्यांनी दुष्काळात व्यापाऱ्याचे धान्यकोठार फोडून रयतेस धान्य वाटले, त्यांस १० डिसेंबर १८५७ रोजी येथे फाशी दिल्याचे सांगतात. आज तेथे चारी बाजूंनी वाहनांचा असा ओघ असतो की मध्यभागी जाऊन उभे राहता येत नाही. कडेनेच नमस्कार करून परतावे.

परतीची वाट कोतवालीवरून बूढापाऱ्याची धरावी. ‘पारा’ म्हणजे मोहल्ला, आळी. ब्राह्मणपारा, कंकालीपारा, तात्यापारा, मठपारा, बूढापारा अशी ही नावे एकमेकांस लागून उभी आहेत. त्यांत तात्यापारा हे नाव ऐकून आपला माणूस हटकून हसतो आणि हा तात्या कोण म्हणून विचारतो. मराठी बिऱ्हाडांची ती जुनी वस्ती; आज बरीच कुटुंबे तेथून उठून चौबे कॉलनीकडे आणि त्याही पलीकडे गेली, जेथे १९३५ मध्ये स्थापन झालेले महाराष्ट्र मंडळ आपले नाटक, गणपती आणि संक्रांतीचे हळदीकुंकू अजून चालवीत आहे. गावात मराठी जेवण किंवा मराठी सोबत हवी असेल तर मंडळात चौकशी करावी.

बूढापाऱ्यात दोन घरांच्या आठवणी आहेत. नरेंद्रनाथ दत्त, म्हणजेच पुढचे स्वामी विवेकानंद, १८७७ मध्ये चौदाव्या वर्षी येथे आपल्या वडिलांकडे आले आणि सुमारे दोन वर्षे राहिले. रायपूरपर्यंत लोहमार्ग त्या वेळी झालेलाच नव्हता. पुढला प्रवास बैलगाडीतून, दाट अरण्यातून, कित्येक दिवसांचा, आणि त्या वाटेवर डोंगराच्या कपारीतले प्रचंड मधाचे पोळे पाहून त्या मुलाचे देहभान हरपले होते असे त्यांच्या चरित्रकारांनी लिहिले आहे. ज्या डे भवनात ते राहिल्याचे सांगतात ते बूढापाऱ्यातच आहे. दुसरे नाव आपल्या घरचे, आणि तरीही महाराष्ट्रात फार थोड्यांस ठाऊक असलेले: पंडित माधवराव सप्रे. १८७१ मध्ये दमोह जिल्ह्यातील पथरिया येथे जन्मलेल्या या मराठी गृहस्थाने १९०० साली पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले, त्यांचे सहकारी वामन बळीराम लाखे हेही मराठीच. सप्र्यांनी १९०७ मध्ये नागपुरातून टिळकांच्या ‘केसरी’चे हिंदी रूप चालविले, दासबोध आणि गीतारहस्य हिंदीत नेले, आणि १९२६ मध्ये रायपुरातच देह ठेवला. त्यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही हिंदीतील आरंभीच्या लघुकथांपैकी एक मानली जाते. माधवरावांच्या नावाची शाळा तलावाच्या काठी आहे, लाख्यांच्या नावाचे लाखेनगर थोडे पलीकडे. मातृभाषा घरात बोलावी आणि ज्या मुलखाचे अन्न खातो त्या मुलखाच्या भाषेत लिहावे, हा या दोघांचा शिरस्ता मला फार मोठा वाटतो. शाळेच्या फाटकाशी उभे राहून हे पाहुण्यास सांगताना माझा आवाज किंचित चढतो अशी घरच्यांची तक्रार आहे.

आणि मग समोर बूढा तलाव. जुन्या गॅझेटिअराप्रमाणे हे तळे किल्ल्याबरोबरच खोदले गेले आणि एके काळी त्याचा विस्तार जवळजवळ एक चौरस मैल होता. आता तो पुष्कळच आखडला आहे; काठास कठडे, मध्ये बेटावर बाग, आणि विवेकानंदांचा बसलेला भव्य पुतळा, ज्यावरून त्यास विवेकानंद सरोवर हे नवे नाव मिळाले. जुने नाव गोंडांच्या बूढादेवावरून आले असे लोक मानतात. येथे संध्याकाळी यावे, सूर्य मावळण्याच्या अर्धा तास आधी, आणि काही करू नये. हा मुलूखच तळ्यांचा आहे: छत्तीसगडात जुन्या गावांच्या तळ्यांची गणती ‘छै आगर छै कोरी’ अशी सांगतात, म्हणजे सहा विसा आणि वर सहा, एकूण १२६. ही ‘कोरी’ म्हणजे आपली वीस नगांची कोडी, हे कानास कळावयास मला बरीच वर्षे लागली. बूढा तलाव, महाराजबंध, कंकाली तलाव, राजा तलाव, तेलीबांधा: नकाशा हातात घेण्यापेक्षा एका पाण्यापासून दुसऱ्या पाण्यापर्यंत अशी वाट धरली, तर जुने रायपूर पायांखाली आपोआप उलगडते, कारण वस्ती बसली ती पाण्याच्या बेताने आणि पाणवठ्याची वाट हीच मूळ वाट होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सदर बाजारातून दक्षिणेकडे, सत्ती बाजारावरून कंकालीपाऱ्यात उतरावे. कंकाली तलाव चहूबाजूंनी दगडी पायऱ्यांनी बांधलेला, आणि पाण्याच्या मधोमध महादेवाचे लहानसे देऊळ. महंत कृपालगिरी यांनी तो बांधविल्याचे नमूद आहे. पाणी भरलेले असताना देवळाचा केवळ शेंडा वर दिसतो. जवळच्या कंकाली मठाचे दार वर्षातून एकदाच, विजयादशमीस, उघडते. त्या दिवशी जुनी शस्त्रे पूजेस मांडतात आणि दर्शनास रांग लागते. विजयादशमीचा विषय निघालाच आहे तर सांगतो, की त्या दिवशी या मुलखात आपट्याची पाने, ‘सोनपत्ती’ म्हणून, एकमेकांस देतात, आणि ही चाल रतनपुरास राहून राज्य करणाऱ्या बिंबाजी भोसल्यांनी येथे आणली असे येथील इतिहासाची पुस्तके सांगतात.

तेथून पुरानी बस्ती. महामाया देवीचे देऊळ, जैतुसाव मठ, चिंचोळ्या गल्ल्या, ओट्यांवर बसलेले म्हातारे. कोणी "कहाँ जाबे?" विचारले तर उत्तर द्यावे, तेथे प्रश्न हा चौकशीचा नसून स्वागताचा असतो. आणि महाराजबंधाच्या बाजूने पुढे मठपाऱ्यात गेले की दूधाधारी मठ. केवळ दुधावर राहणारे महंत बलभद्रदास यांच्यावरून हे नाव पडले. येथील रामचंद्राचे देऊळ १७७५ मध्ये बिंबाजी भोसल्यांनी बांधविल्याची नोंद आहे, आणि महाराजबंध तलावही मराठी अमलातील एका महसुलाच्या मक्तेदाराने बांधला. मठातील भिंतींवर भोसलेकालीन चित्रे आहेत. रंग उडाले आहेत, काही ठिकाणी नव्या रंगाचे अनाठायी हात फिरले आहेत, तरी एखाद्या पगडीचा बाक, एखाद्या लुगड्याचा काष्टा ओळखीचा वाटून पाय थबकतात. पुजाऱ्यास विचारूनच छायाचित्र घ्यावे. दुपारी देऊळ बंद असते, म्हणून दहाच्या आत पोहोचावे.

येथे ओट्यावर बसून थोडा हिशेबही करावा, कारण नुसता अभिमान घेऊन परत जाणे मला बरोबर वाटत नाही. १७४१ मध्ये नागपूरच्या रघूजी भोसल्यांचा सेनापती भास्करराम फौज घेऊन या मुलखात आला, रतनपूरच्या वृद्ध राजाने तोफा सुरू होताच हार पत्करली, आणि गावावर एक लाख रुपयांचा दंड बसला. त्याच राजघराण्याच्या रायपूर शाखेतील अमरसिंहास पुढे गादीवरून काढून रायपूर, राजीम व पाटण हे परगणे सालीना ७००० रुपये टाकोळीवर, म्हणजे खंडणीवर, दिले, आणि त्याच्या मृत्यूनंतर तेही खालसा केले. बिंबाजी १७५८ ते १७८७ पर्यंत रतनपुरास राहून राज्य करीत होते, म्हणून त्यांचे नाव येथे आदराने घेतात. त्यांच्यानंतरचे सुभेदार मात्र नागपुरास वसूल पाठविण्यापुरते या मुलखास ओळखीत. कमाविसदार, फडणवीस, वरडपांडे ही दफ्तरी नावे, मोडी लिपी, पाटीलकी, आणि त्यांच्याबरोबर आलेली वसुलीची सक्ती ही एकाच गाडीतून उतरली. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य इंग्रजांनी खालसा केले, तेव्हा छत्तीसगडात कोणी फार अश्रू ढाळल्याचे मी तरी वाचलेले नाही. मठातील देऊळ आणि दफ्तरातील दंड, दोन्ही आपलेच आहेत. एक पाहून दुसरे विसरू नये.

पोटाची व्यवस्था. रायपूरची सकाळ पोहे-जिलबीची. चौकाचौकांत ठेले असतात आणि जेथे गर्दी तेथे उभे राहावे हा नियम येथेही लागू आहे. पोह्यांवर शेव आणि कांदा घालून देतात, नारळ-कोथिंबिरीची अपेक्षा ठेवू नये. छत्तीसगडी पदार्थांसाठी महंत घासीदास संग्रहालयाच्या आवारातील गढकलेवा गाठावा: तांदळाच्या पिठाचे ‘चीला’, म्हणजे आपले धिरडे, वाफवलेला ‘फरा’, ‘ठेठरी’, ‘खुरमी’, आणि ‘अइरसा’, जो तोंडात टाकताच दिवाळीतला अनारसा आठवतो. उन्हाळ्यात कोणी घरी बोलावून ‘बोरे बासी’, म्हणजे रात्रीचा पाण्यात घातलेला भात, कांदा आणि चटणीबरोबर दिला, तर त्यास गरिबाचे अन्न समजून मान फिरवू नये. उन्हाची तगमग त्याने जशी शमते तशी कोणत्याही सरबताने शमत नाही. संग्रहालय मात्र दुपारसाठी राखून ठेवावे. राजनांदगावचे राजे महंत घासीदास यांनी १८७५ मध्ये ते स्थापिले आणि आजच्या इमारतीचे उद्घाटन १९५३ मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. सिरपूरच्या कांस्यमूर्तींसाठी एक तास, बाकीच्यासाठी अर्धा, असा माझा बेत असतो. सोमवारी जाऊ नये.

संध्याकाळी सदर बाजार टाळावा असे मी वर म्हटले, त्यास एक अपवाद आहे. अनंत चतुर्दशीनंतर गावातील गणपतींची चित्ररथांसह जी मिरवणूक निघते, ती शारदा चौक, जयस्तंभ, मालवीय रोड, कोतवाली, सदर बाजार, कंकालीपारा, पुरानी बस्ती, लाखेनगर अशी रात्रभर सरकत पहाटे महादेवघाटाकडे जाते. म्हणजे ज्या वाटेने मी तुम्हांस दोन दिवस हिंडवले, बहुतेक त्याच वाटेने. त्या रात्री मोटार नाही, स्कूटर नाही. खेड्यापाड्यांतून आलेली माणसे घोंगड्या अंथरून दुकानांच्या पायऱ्यांवर बसतात, मुले बापाच्या खांद्यावर झोपतात, आणि त्या जुन्या लाकडी सज्ज्यांवर, जे सकाळी मोजून ठेवण्यास मी सांगितले होते, बायका ओळीने उभ्या असतात. जागा धरावयाची असेल तर नऊच्या आधी सत्ती बाजाराच्या तोंडाशी यावे, सोबत पाण्याची बाटली आणि बसावयास वर्तमानपत्र घ्यावे, आणि परतीची गाडी दुसऱ्या दिवशी दुपारनंतरची ठेवावी.